पोटखराबा

एकतीस वर्षं मी सातबारा लिहिला.
ज्या जमिनीला नांगर लागत नाही
तिच्यापुढे एकच शब्द: पोटखराबा.
चिमठाण्याच्या वरचा हा माळ, गट दोनशे सदतीस,
माझ्याच अक्षरात खराब आहे.
(अक्षराला वळण होतं, साहेब म्हणायचे.)

आता पेन्शनीत रोज सकाळी इथेच येतो.
डॉक्टरने चालायला सांगितलंय,
आणि गावातून चाललं
की लोक अजून फेरफाराचं विचारतात.

कुसळं पायजम्याला धरतात.
हिंगणीखाली सावली टीचभर, तीही सरकती.
मुरूम, गवताची पिवळी खुंटं,
बुराईकडून येणारा कोरडा वारा.
बाकी काही नाही,
असं मी लिहून ठेवलं होतं.

मग एक ढेकूळ उडालं.

चिमणीहून लहान. डोक्यावर राख,
डोळ्यातून ओघळलेलं काजळ थेट पोटापर्यंत.
फडफडत वर, आणखी वर,
तिथे पंख मिटले
आणि धोंड्यासारखं खाली.
माझा हात छातीवर गेला.
जमीन वीतभर उरली असेल नसेल,
तोच पुन्हा वर.
पुन्हा मिटले.

"हाऊ डोंबारी शे, आप्पा,"
मेंढरांमागून झुलाल म्हणाला,
ठेलाऱ्यांचा पोरगा, बारा-तेराचा,
खांद्यावर काठी, एका पायात चप्पल.
"पडस, पन लागत नही.
शिट्टी आयकी का?"

शिट्टी?

डावा कान नोकरीत गेला, उजवा नंतर.
आधी बारीक आवाज जातात:
घड्याळ, कढईतली मोहरी,
बायकोचं पुटपुटणं (ते चाललं असतं),
आणि हे, जे कधी ऐकलंच नव्हतं
ते गेल्याचं आज कळलं.

झुलालने ओठांचा चंबू केला
आणि माझ्या कानाला झेपेल इतकी उतरवून
तीच शिट्टी दिली:
लांब, घसरती, शेवटी ओली,
विहिरीत पोहरा सुटावा
आणि दोर हातातून सरत जावा तशी.
"खाले पडस तवय अशी वाजाडस."

मी आणखी एक पाऊल टाकणार
तर त्याची काठी आडवी आली.
"पाय जपीसन ठेव. तुना बूटपाशी घर शे."

काही दिसेना.
काठीच्या टोकावरून नजर नेली तेव्हा
ढेकळाच्या आडोशाला तळहाताएवढा खळगा,
आत गवताचे धागे,
मुरमाच्याच रंगाची दोन ठिपकेदार अंडी.
आणि कडेने खडे. एका मापाचे,
उचलून आणलेले, एकाला एक लावून.

मी मोजणीला वाकतो तसा वाकलो.
आयुष्यभर हद्दी पाहिल्या:
साखळी, खुंट्या, चुना फासलेले दगड,
हातभर बांधापायी फुटलेली सख्ख्या भावांची डोकी.
एवढी लहान हद्द पाहिली नव्हती.
हिच्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता.

वरून दोनशे मेंढरं उतरत होती.
झुलालने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
"आठेच उभा ऱ्हाय. हालू नको,"
आणि तोंडाने कसलासा घर्र आवाज काढत
धावत सुटला पल्याडच्या अंगाला.

मी उभा राहिलो, दोन्ही पाय खळग्याच्या वरच्या बाजूला.
लोकर आली, धूळ आली, लेंड्यांचा आंबूस वास,
एका मेंढीने माझी पिशवी हुंगली.
कळप माझ्यापाशी दुभंगला
आणि पाठीमागे दहा पावलांवर
पुन्हा एक झाला.

धूळ बसायला वेळ लागला.

मग मादी आली. मातीच्याच अंगाची.
उडत नाही, उंदरासारखी पळत,
माझ्या बुटाला वळसा घालून.
उन्हाकडे पाठ केली, पंख जरा सैल सोडले,
चोच उघडी,
आणि अंड्यांवर उभी राहिली.
ऊब द्यायला नव्हे. चैत्रात ऊब कुणाला हवी?
सावलीसाठी.

दहा वाजून गेले होते.
झुलाल नाल्यापलीकडे ठिपका झाला होता.
डोक्यावर तो अजून पडत होता,
मला न ऐकू येणारी शिट्टी घालत.
माझी सावली पायाशी आखडत आली,
तिचं एक टोक खळग्यावर होतं,
आणि आता हाल,
असं मला कुणी सांगितलं नव्हतं.